खाण कंपनीचा "कार्बन ३०% कमी केला" हा दावा कसा तपासायचा?

भूगर्भकन्या
नमस्कार, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. मी भूशास्त्रात एमएस्सी करतेय, शेवटचं वर्ष, आणि एका मोठ्या खाण कंपनीच्या पर्यावरण विभागातून मुलाखतीचं बोलावणं आलंय. नाव लिहीत नाही. त्यांच्या कोळशाच्याही खाणी आहेत आणि तांब्याच्याही. तयारी म्हणून त्यांचा वार्षिक अहवाल उघडला तर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात, "दर टनामागचं कार्बन उत्सर्जन १० वर्षांत ३०% कमी केलं, २०५० पर्यंत नेट झिरो", म्हणजे जेवढा कार्बन सोडाल तेवढा परत काढून हिशोब शून्य. वाचून छान वाटलं, घरी दाखवलं, तर धाकटा भाऊ म्हणाला ताई, जे लोक कोळसा काढून विकतात ते हवामान कसं वाचवणार, तुला पटतंय का हे? आणि मला खरंच उत्तर देता आलं नाही, दोन दिवस तेच डोक्यात आहे.

तर खाणीत काम केलेल्या लोकांना विचारायचंय. खाणीत कार्बन नक्की येतो कुठून, सगळा डिझेलचाच असतो का? असा आकडा खरा आहे की नाही ते बाहेरच्या माणसाला कसं कळणार? आणि बॅटरीसाठी लिथियम, निकेल, तांबं काढायला नव्या खाणी खोदायच्या म्हणजे एकीकडचं कमी करून दुसरीकडे वाढवणंच नाही का? नोकरी हवीय, पण डोळे मिटून नकोय.

व्हेंटिलेशनवाला
ताई, प्रश्न आवडला. मी १९ वर्षं जमिनीखालच्या कोळसा खाणीत व्हेंटिलेशन बघितलंय, त्यामुळे मला माहीत आहे तिथूनच सुरुवात करतो. त्या अहवालात सगळ्यात आधी "मीथेन" शब्द शोधा. डिझेल नंतर.

कोळशाच्या थरात मीथेन अडकलेला असतो, कोट्यवधी वर्षांपासून. दाब असतो तोवर तो कोळशाला धरून बसतो, आपण थर फोडला की दाब उतरतो आणि गॅस सुटतो. आम्ही त्याला आयुष्यभर घाबरत आलो ते वेगळ्या कारणाने, हवेत ५ ते १५ टक्के झाला की ठिणगी पुरते. म्हणून अवाढव्य पंख्यांनी एवढी हवा आत ढकलायची की तो पातळ होऊन १ टक्क्याच्याही खाली राहील, आणि ती सगळी हवा शाफ्टमधून, म्हणजे विहिरीसारख्या उभ्या बोगद्यातून, वर सोडून द्यायची. माणसं वाचतात, आणि ते व्हायलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण वर सोडलेला मीथेन गेला कुठे? आकाशातच ना. नोकरीची पहिली कित्येक वर्षं मी हा विचारच केला नव्हता, आमच्या वहीत फक्त टक्केवारी लिहायची, सुरक्षित की असुरक्षित एवढंच. बाहेर किती टन गेला हे कोणी विचारलंच नाही आणि मीही विचारलं नाही, आता त्याचं वाईट वाटतं.

आकडे सांगतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने जगभरच्या कोळसा खाणींतून वर्षाला साधारण ४ कोटी टन मीथेन सुटतो. १ टन मीथेन १०० वर्षांच्या हिशोबाने जवळपास ३० टन कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवतो आणि २० वर्षांचा हिशोब धरला तर ८० टनांच्या वर. म्हणजे १२० कोटी टन धरा नाहीतर ३३० कोटी टन, तोच गॅस, त्याच खाणी, फक्त मोजायची पट्टी वेगळी. अहवालात कुठली पट्टी वापरलीय ते तळटिपेत बारीक अक्षरात असतं, ते बघाच.

पट्टी_आणि_पेन्सिल
व्हेंटिलेशनवाले दादांना एक छोटी पुरवणी. २० वर्षांची पट्टी लावली तर ती शेती, कचरा, तेल-गॅस सगळ्याच मीथेनला लावावी लागते, मग जगाचा एकूण आकडाही फुगतो, त्यामुळे "वाटा किती" हे काढताना खाणींचा आकडा २० वर्षांचा आणि जगाचा १०० वर्षांचा असं करू नका, भलतंच उत्तर येतं. २०२० साली मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने काढलेला अंदाज असा होता की खाणउद्योगाचा वाटा जगाच्या हरितगृह वायूंमध्ये ४ ते ७ टक्के, त्यात डिझेल आणि वीज मिळून १ टक्का फक्त, बाकी ३ ते ६ टक्के कोळसा खाणींचा मीथेन. हा पल्ला एवढा मोठा आहे तोच सांगतो की मीथेन नीट मोजलेला नाहीये.

आणि ताई तुमच्या ३०% बद्दल. "दर टनामागे" हे शब्द परत वाचा. दर टनामागे ३०% कमी आणि उत्पादन दीडपट झालं तर एकूण उत्सर्जन ०.७ गुणिले १.५ म्हणजे १.०५, म्हणजे ५% वाढलं. वातावरणाला दर टनाचं काही पडलेलं नाही, त्याला एकूण किती आलं तेवढंच कळतं. एकूण टनांचा तक्ता अहवालात मागच्या बाजूला कुठेतरी असेल, १० वर्षांपूर्वीचा अहवाल पण काढा आणि शेजारी ठेवून बघा. मधल्या काळात त्यांनी एखादी जुनी खाण विकली का तेही बघा, कारण विकलेल्या खाणीचा धूर त्यांच्या वहीतून जातो, हवेतून जात नाही.

भूगर्भकन्या
बापरे, विकलेल्या खाणीचं डोक्यातच आलं नव्हतं. शोधते. पण दादा, १ टक्क्याहून कमी मीथेन असलेली हवा, तिचं काही करता येतं का? की ते अशक्यच आहे म्हणून सोडून देतात?

व्हेंटिलेशनवाला
अशक्य नाहीये, हेच तर दुखतं. दोन प्रकार समजून घ्या. पहिला, खणायच्या आधीच थरात बोअर मारून गॅस ओढून काढायचा, तो दाट असतो, त्याच्यावर सरळ इंजिन चालवून वीज करता येते, काही नाही तर निदान जाळायचा तरी. जाळला की १ टन मीथेनचा पावणेतीन टन कार्बन डायऑक्साइड होतो, तेही वाईटच पण ३० पेक्षा किती कमी आहे बघा. दुसरा प्रकार म्हणजे पंख्याची पातळ हवा. ती ज्योतीने पेटत नाही, पण तापलेल्या सिरॅमिकच्या थरातून पाठवली की आतला मीथेन जळतो आणि त्याच उष्णतेवर थर तापलेला राहतो. ऑस्ट्रेलियात वेस्ट क्लिफ खाणीत २००७ पासून अशा हवेवर ६ मेगावॅटचं टर्बाइन चालवून दाखवलं होतं, तेव्हा तिथल्या हवेत मीथेन १ टक्क्याच्या आतच होता. म्हणजे तंत्र जुनं झालं आता. खर्च येतो, जागा लागते, शाफ्टला जोडताना सुरक्षेची काळजी फार घ्यावी लागते हे खरं, पण विमान उडवण्यापेक्षा सोपं आहे हो. कोणी सक्ती केली नाही म्हणून होत नाही.

आणि सक्ती नीट लिहिली नाही तर काय होतं तेही सांगतो. चीनने २००८ मध्ये नियम केला की बोअरमधून काढलेल्या गॅसमध्ये ३०% किंवा जास्त मीथेन असेल तर हवेत सोडायचा नाही. हेतू चांगला होता, पण २९ टक्के असला की मोकळं रान, आणि बराचसा गॅस त्या रेषेच्या खालीच राहिला. नंतर ती मर्यादा ८ टक्क्यांवर आणली. युरोपियन युनियनने २०२४ च्या मीथेन नियमात पंख्याच्या हवेलाही हात घातलाय, औष्णिक, म्हणजे वीज केंद्रात जाळायच्या, कोळशाच्या खाणीत १००० टन कोळशामागे ५ टनांपेक्षा जास्त मीथेन शाफ्टमधून सोडायला २०२७ पासून मनाई. हे वाचलं त्या दिवशी मला बरं वाटलं, कोणीतरी आमच्या शाफ्टच्या तोंडाकडे बघितलं म्हणून.

अजून एक, बंद पडलेल्या खाणी. कुलूप लावलं म्हणून मीथेन थांबत नाही, वर्षानुवर्षं भेगांतून येत राहतो. खाण पाण्याने भरली तर मात्र थांबतो बऱ्यापैकी.

बॉलमिल_शिफ्ट_सी
कोळशाबद्दल दादांनी सांगितलंच, मी तांब्याच्या बाजूने लिहितो कारण ताईंच्या कंपनीत तेही आहे. मी कॉन्सन्ट्रेटर प्लांटला आहे, म्हणजे दगड येतो तो दळून त्यातून तांब्याचं खनिज वेगळं करायचं.

लोकांना वाटतं खाण म्हणजे मोठे डंपर. डंपर आहेतच. कॅटरपिलरचा ७९७एफ घ्या, एका खेपेला ३६३ टन माल, डिझेलची टाकी ३७८५ लिटरची, आणि १ लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एक टाकी रिकामी झाली की १० टन हवेत. जोराचं काम असेल तर ती टाकी दिवसभरातच संपते. एका खाणीत असे ५०-६० डंपर. पण आमच्याकडे त्याच्या तोडीस तोड, कधी जास्तही, ऊर्जा खाणारी जागा म्हणजे मिल. अख्खा डोंगर पिठासारखा बारीक करायचाय हो, त्याशिवाय तांबं दगडातून सुटत नाही.

आणि इथे एक गोष्ट आहे जी अहवालात कोणी ठळक लिहीत नाही, ओअरचा ग्रेड, म्हणजे खनिजाच्या दगडात धातू किती टक्के. शंभरेक वर्षांपूर्वी २ टक्के तांबं असलेला दगड सहज मिळायचा. आता जगाची सरासरी ०.६ टक्क्याच्या आसपास आहे. हिशोब करा, २ टक्के असताना १ टन तांब्यासाठी ५० टन दगड दळायचा, आता १६७ टन, आणि हे सगळं तांबं १०० टक्के हाती लागलं असं धरून, जे कधीच लागत नाही. शिवाय खनिजापर्यंत पोचायला वरचा निरुपयोगी दगड बाजूला करायचा तो वेगळा. खड्डा दरवर्षी खोल जातो, डंपरची चढण वाढते, दगड कडक होत जातो. म्हणजे कंपनीने काहीच चूक केली नाही तरी दर टन तांब्यामागचा कार्बन आपोआप वाढत जातो, निसर्ग स्वस्तातला माल संपवून बसलाय. म्हणून तांब्याच्या खाणीने एकूण उत्सर्जन जागच्या जागी धरून ठेवलं असेल तरी मी त्याला मान देतो, ते सोपं नाहीये.

उपाय आहेत आणि काही चांगले चाललेत. वीज कुठून येते हा सगळ्यात मोठा, चिलीतल्या बऱ्याच मोठ्या खाणींनी सौर आणि पवन विजेचे करार केलेत, अटाकामासारखं ऊन दुसरीकडे कुठे मिळणार. दळण्यासाठी हाय प्रेशर रोल आलेत, तेवढ्याच कामाला वीज कमी. स्वीडनमध्ये आयटिक खाणीत चढणीवर डोक्यावरून विजेच्या तारा टाकल्यात, डंपर ट्रामसारखा तारेला धरून वर चढतो, डिझेल वाचतं आणि चढतोही जास्त वेगाने. तिकडेच किरुनाचं लोखंड घेऊन जी रेल्वे नार्विक बंदराकडे उतरते ती उतारावर ब्रेक लावताना वीज तयार करून परत तारेत सोडते. हे वाचलं की मला मनापासून आनंद होतो, माल वरून खाली येतोय तर त्याचं वजन फुकट का घालवायचं.

उतारावरचा
स्वित्झर्लंडमध्ये तर सिमेंटच्या खाणीतला एक बॅटरीवरचा डंपर आहे, भरलेला खाली उतरतो आणि उतरताना बॅटरी भरते, रिकामा वर जायला तेवढी पुरते बरेचदा. पण खड्डा खोल असेल तर उलटं, भरलेला वर चढवायचाय, तिथे ही गंमत चालत नाही. तांब्याच्या, लोखंडाच्या बहुतेक मोठ्या खाणी खड्डाच असतात.

कडू_बोलतो_पण
सगळं वाचलं, सगळे मनापासून लिहितायत, पण मूळ मुद्दा कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. डंपर, मिल, तारा हे सगळं स्कोप १ आणि २. म्हणजे खाणीत जळलेलं आणि खाणीने विकत घेतलेली वीज. विकलेल्या मालाचं पुढे काय होतं ते स्कोप ३. कोळशाच्या खाणीने उद्या सगळे डंपर बॅटरीवर चालवले, शाफ्टचा मीथेन सगळा जाळला, सगळीकडे सौर पॅनल लावले, तरी जो कोळसा विकला तो कोणीतरी जाळणारच आहे ना? १ टन औष्णिक कोळसा जाळला तर प्रतीप्रमाणे साधारण २ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. वर ज्या मॅकिन्झीच्या अंदाजाचा उल्लेख झाला त्यातच पुढे लिहिलंय की कोळसा जाळणं धरून स्कोप ३ घेतला तर आकडा जगाच्या २८ टक्क्यांवर जातो. ४ ते ७ कुठे आणि २८ कुठे.

लोखंडाचं तसंच. कोळशावरच्या झोतभट्टीत १ टन पोलाद करताना २ टनांहून जास्त कार्बन निघतो, ओअर काढताना त्याच्या मानाने किरकोळ. मोठ्या खाण कंपन्यांची संघटना आहे आयसीएमएम, त्यांच्या सभासदांनी २०२१ मध्ये २०५० चं नेट झिरो जाहीर केलं, ते स्कोप १ आणि २ चं. स्कोप ३ ला तशी तारीख नाही. ताई, तुमच्या अहवालातलं "नेट झिरो" कुठल्या स्कोपचं आहे ते बघा. तुमच्या भावाने मोजमाप न करता बरोबर जागी बोट ठेवलंय.

बॉलमिल_शिफ्ट_सी
कोळशाबद्दल शंभर टक्के मान्य. पण लोखंड आणि कोळसा एका पारड्यात नका टाकू दादा. कोळशाचा उपयोगच जाळणं आहे. लोखंडाचा नाही, तिथे प्रश्न भट्टीचा आहे, स्वीडनमध्ये हायब्रिट प्रकल्पात २०२१ ला हायड्रोजन वापरून लोखंड काढून दाखवलंय, कोळसा न घालता. ओअर तोच. म्हणजे लोखंडाच्या खाणीचा स्कोप ३ खाली येऊ शकतो, कोळशाच्या खाणीचा फक्त खाण बंद करूनच येतो.

कडू_बोलतो_पण
हे मान्य. कोक बनवायचा कोळसा, जो पोलादाच्या भट्टीत लागतो, आणि औष्णिक कोळसा यातही फरक करायला हवा, मी घाईत लिहिलं.

पट्टी_आणि_पेन्सिल
बॅटरीच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून मी लावतो. जागतिक बँकेने २०२० मध्ये अंदाज काढला होता, स्वच्छ ऊर्जेसाठी २०५० पर्यंत एकूण ३०० कोटी टनांहून जास्त खनिजं आणि धातू लागतील. ऐकायला भयंकर वाटतं. आता हे बघा, कोळसा आपण एका वर्षात ८०० कोटी टनांच्या वर काढतो. एका वर्षात. आणि जाळून टाकतो, पुढच्या वर्षी परत तेवढाच.

लगेच कोणीतरी म्हणेल आणि बरोबरच म्हणेल की ३०० कोटी टन हा धातूचा आकडा आहे, दगड त्याच्या कितीतरी पट, वर १६७ टनांचं गणित आलंच आहे. मान्य, त्यामुळे नुसती टनांची तुलना अपुरी आहे, जिथे नवी खाण होते तिथल्या पाण्यावर, जमिनीवर आणि माणसांवर ओझं पडतं ते खरंच पडतं आणि ते "हवामानासाठी" म्हणून माफ होत नाही. पण एक फरक उरतोच. तांबं, निकेल, लिथियम जळत नाही. गाडी भंगारात गेली तरी धातू हातात असतो. ॲल्युमिनियमचं उदाहरण घ्या, भंगार वितळवून परत करायला नव्याच्या साधारण ५ टक्के ऊर्जा लागते. जाळलेला कोळसा कोण परत आणणार?

फक्त धातू कुठून आणि कशावर काढला हे मात्र विचारायलाच हवं. इंडोनेशियात निकेलच्या भट्ट्यांसाठी खास नवी कोळशाची वीज केंद्रं उभी राहिलीत, तेच निकेल मग बॅटरीत जातं. इथे तुमच्या भावाचं म्हणणं खरं ठरतं.

बर्फाचा_रस्ता
उलटी बाजू पण लिहून ठेवते, हवामान बदलाचा खाणींवर काय परिणाम होतो ती. पर्यावरण विभागात बसलात तर अर्धं काम हेच असेल. कॅनडाच्या उत्तरेकडच्या हिऱ्याच्या खाणींना हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरचा रस्ता हाच आधार, वर्षाचं डिझेल त्या काही आठवड्यांत ट्रकने न्यायचं. २००६ चा हिवाळा उबदार निघाला, बर्फ पुरेसं जाड झालंच नाही, रस्ता लवकर बंद झाला आणि उरलेलं इंधन विमानाने न्यायला लागलं. त्यातल्या एका खाणीने, डायव्हिकने, डिझेल कमी लागावं म्हणून २०१२ ला ४ पवनचक्क्या उभ्या केल्या, त्या थंडीत.

पाण्याचंही तसंच. चिलीत एस्कॉन्दिदा खाणीने भूजल उपसणं थांबवलं आणि समुद्राचं पाणी गोडं करून वापरायला लागली, चांगलं केलं, पण ते पाणी ३००० मीटर उंचीवर पंपाने चढवायचं म्हणजे वीज किती. ती वीज कोळशाची असती तर पाणी वाचवलं आणि हवा बिघडवली असं झालं असतं. या गोष्टी एकमेकींत अशा गुंतल्यात की एकच आकडा घेऊन निकाल देता येत नाही. माझी सगळ्यात मोठी काळजी टेलिंगच्या, म्हणजे धातू काढून उरलेल्या गाळाच्या, बांधांची आहे, ते जुन्या पावसाच्या नोंदींवर बांधलेत आणि पाऊस आता तसा राहिला नाही.

भूगर्भकन्या
तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार, काल रात्रभर अहवाल घेऊन बसले होते. सापडलं ते लिहिते. एकूण उत्सर्जन १० वर्षांत जवळपास तेवढंच आहे, कमी नाही. मधे एक कोळसा खाण विकलीय, जुन्या आकड्यातून ती काढून टाकली तर वाढलंच आहे. नेट झिरो स्कोप १ आणि २ चं. मीथेनचा आकडा आहे, १०० वर्षांच्या पट्टीने, पण तळटिपेत लिहिलंय की दर टन कोळशामागे ठरावीक गुणक लावून काढलाय. म्हणजे मोजलेलाच नाहीये ना? मुलाखतीत हे विचारू का, की उद्धटपणा वाटेल?

व्हेंटिलेशनवाला
नक्की विचारा. गुणक म्हणजे अंदाज, प्रत्येक खाणीचा कोळसा वेगळा, खोली वेगळी, गॅस वेगळा. ऑस्ट्रेलियात बोवेन खोऱ्यातल्या खाणींवरून उपग्रहाने बघितलं तर कळवलेल्या आकड्यांपेक्षा जास्त मीथेन दिसला होता, तेव्हा तुमची शंका अजिबात पोरकट नाही.

आणि विचारताना असं विचारा, शाफ्टच्या तोंडाशी मीथेनची टक्केवारी आणि बाहेर पडणाऱ्या हवेचं प्रमाण हे तर सुरक्षेसाठी रोज नोंदवलं जातंच, मग त्याच दोन आकड्यांचा गुणाकार करून टन का काढत नाही? खाणीतला जो माणूस समोर बसलेला असेल त्याला लगेच कळेल तुम्ही काय म्हणताय ते. ती वही प्रत्येक जमिनीखालच्या कोळसा खाणीत असते, माझ्या हाताने मी १९ वर्षं भरलीय. मुलाखत झाली की कळवा.

भूगर्भकन्या
कळवते दादा. पुढच्या मंगळवारी आहे. भावाला पण हा धागा वाचायला दिलाय, तो आता मलाच विचारतोय की वही कुठे मिळेल.